लसीची नोंद नसलेले मांजर घरी आणताना

मांजर घरात येण्याच्या वाटा अनेक आहेत. कुणी निवाऱ्यातून दत्तक घेतो. कुणाच्या शेजारचे कुटुंब परगावी जाते आणि मागे राहिलेला बोका जिन्यावर येऊन बसतो. कुठे एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या निधनानंतर नातलगांना घराच्या किल्ल्यांबरोबर एक भेदरलेली भाटीही ताब्यात घ्यावी लागते. या साऱ्या प्रसंगांत एक गोष्ट हमखास हरवलेली असते, ती म्हणजे मांजराच्या लसीकरणाची पुस्तिका. 'सगळी इंजेक्शने झाली आहेत' एवढे तोंडी आश्वासन मिळते. कोणती इंजेक्शने, कधी आणि कुणी दिली, हे सांगणारे कुणी नसते. अशा मांजराला लस पुन्हा द्यावी काय, दिल्यास अपाय होईल काय आणि आरंभ कोठून करावा, हे प्रश्न मग नव्या पालकापुढे उभे राहतात.

याविषयी पशुवैद्यकशास्त्राचा संकेत स्पष्ट आहे. लेखी पुरावा नसेल तर त्या प्राण्याला लस मिळालेलीच नाही असे धरून चालावे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांचाही आधार हाच आहे. आधी लस मिळालेल्या निरोगी मांजराला तीच लस पुन्हा दिल्याने सहसा अपाय होत नाही. लस न मिळालेल्या मांजराला ती मिळाली असे समजून सोडून देण्यात मात्र त्याच्या जिवाचा धोका असतो आणि रेबीजच्या बाबतीत माणसाच्याही.

तथापि हा संकेत लावण्यापूर्वी थोडा शोध घेणे अगत्याचे असते. पूर्वीच्या मालकाला पुस्तिका सापडत नसली तरी पशुवैद्यकाचे नाव किंवा निदान दवाखान्याचा रस्ता आठवत असतो. बहुतेक दवाखान्यांत नोंदवही अथवा संगणकीय नोंद असते आणि ती मालकाच्या नावाने किंवा दूरध्वनी क्रमांकाने शोधता येते. मांजराच्या नावाने शोधण्यात फारसे हशील नसते, कारण मनी, माऊ आणि बोक्या ही नावे प्रत्येक वहीत डझनावारी आढळतात. मोठ्या धर्मादाय रुग्णालयात उपचार झाले असतील तर केस पेपरचा क्रमांक उपयोगी पडतो. जुनी बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, भ्रमणध्वनीवर कधीतरी पाठवलेले पुस्तिकेच्या पानाचे छायाचित्र, यांपैकी काहीही चालते. मात्र त्यावर लसीचे नाव व दिनांक हवा. लसीच्या कुपीवरचे लहानसे चिकटपत्र पुस्तिकेत लावलेले असते. त्यावर लसीचे नाव, तुकडी क्रमांक आणि मुदत छापलेली असते. हे चिकटपत्र, पशुवैद्यकाची सही आणि त्याचा परिषदेकडील नोंदणी क्रमांक या तीन गोष्टी असल्या की नोंद विश्वासार्ह मानली जाते.

तोंडी माहितीत एक गल्लत वारंवार आढळते. जंताचे औषध हीच लस, असा अनेकांचा समज असतो. 'दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे नेत होतो' हे खरे असते, पण तेथे मिळालेली गोळी जंतनाशक असते. दुसरी गल्लत शिबिरांची. २००७ पासून २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. लुई पाश्चर यांचे १८९५ मध्ये याच दिवशी निधन झाले. त्या सुमारास ठिकठिकाणी मोफत लसीकरण होते. पण ते केवळ रेबीजचे असते. शिबिराचे प्रमाणपत्र हाती असले तरी मांजराचे इतर रोगांपासून रक्षण झाले आहे असे त्यावरून ठरत नाही.

मांजराच्या अंगावरही काही खुणा असतात. त्या वाचता आल्या तर मदत होते, पण त्यांचा अर्थ मर्यादित आहे. एका कानाचे टोक सरळ रेषेत कापलेले असेल तर ते भटके मांजर म्हणून पकडून त्याची नसबंदी करून सोडले गेले होते असे समजावे. अशा शस्त्रक्रियेच्या वेळी रेबीजची लस देण्याची पद्धत अनेक संस्था पाळतात. तरीही कापलेला कान हा लसीचा दाखला नव्हे; दिनांक तर त्यावरून मुळीच कळत नाही. त्वचेखाली बसवलेली मायक्रोचिप असेल तर वाचकयंत्रावर पंधरा अंकी क्रमांक उमटतो. लोकांची अशी कल्पना असते की चिपमध्ये प्राण्याचा सारा वैद्यकीय इतिहास साठवलेला असतो. वस्तुतः तिच्यात फक्त क्रमांक असतो. तो क्रमांक कुणाच्या नावे आणि कोठे नोंदवला आहे हे कळले तर जुन्या मालकाचा माग लागू शकतो, एवढाच तिचा उपयोग.

वय ठरवण्याचा प्रश्न

नोंद नसलेल्या मांजराच्या बाबतीत पशुवैद्यक प्रथम त्याचे तोंड उघडून पाहतो. मांजराला दुधाचे दात २६ आणि कायमचे ३० असतात. दुधाचे पुढचे दात दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतात. साडेतीन ते चार महिन्यांच्या सुमारास ते पडून कायमचे दात येऊ लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे दात बदललेले असतात. म्हणजे सुळे अजून दुधाचेच असतील तर पिल्लू साधारण पाच महिन्यांच्या आतले आहे, आणि सारे दात कायमचे असतील तर ते सहा महिन्यांच्या पुढचे आहे, असा अंदाज बांधता येतो. त्यापुढचे वय दातांवरून नेमके सांगता येत नाही. लसीकरणासाठी मात्र एवढे पुरते, कारण खरा फरक पडतो तो सोळा आठवड्यांच्या अलीकडे की पलीकडे, यानेच.

या सोळा आठवड्यांमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जन्मानंतर पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडे मिळतात. ती त्याचे रोगांपासून रक्षण करतात, पण त्याचबरोबर लसीलाही निष्प्रभ करतात. ही उसनी प्रतिकारशक्ती कोणत्या आठवड्यात संपेल हे पिल्लागणिक बदलते. एखाद्याची आठव्या आठवड्यात संपते, तर एखाद्याची चौदाव्या-पंधराव्या आठवड्यापर्यंत टिकते. म्हणून एकच लस देऊन निर्धास्त राहता येत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून आरंभ करून दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा द्यावी लागते आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यावी लागते. 'पिल्लाला दोन इंजेक्शने झाली, आता वर्षभर चिंता नाही' असे मानणाऱ्या घरांत पिल्ले दगावतात, ती बहुधा या शेवटच्या मात्रेअभावी. त्यानंतर सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक मात्रा द्यावी असा अलीकडचा सल्ला आहे. पूर्वी ती वर्षाने दिली जात असे.

प्रौढ मांजराचे काम त्या मानाने सोपे आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे केव्हाच संपलेली असतात. त्यामुळे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा दिल्या की मूळ लसीकरण पूर्ण होते. वर्षाने एक वर्धक मात्रा आणि पुढे मांजराच्या राहणीनुसार एक ते तीन वर्षांनी पुन्हा मात्रा, असा क्रम असतो. खिडकीला जाळी असलेल्या सदनिकेत एकटे राहणारे मांजर आणि गच्चीवरून चार इमारती हिंडून येणारा बोका यांना एकच मोजमाप लावता येत नाही. लहानपणचे लसीकरण पूर्ण झाल्याचा पुरावा सापडला आणि मधली काही वर्षे खंड पडला असेल, तर सर्व पुन्हा प्रथमपासून करण्याची गरज नसते. बहुधा एक मात्रा पुरते. जुनी पुस्तिका शोधण्याचे श्रम वाया जात नाहीत ते यामुळेच.

कोणत्या लसी

मांजरांच्या मुख्य लसी दोनच. पहिली तीन रोगांची एकत्रित लस. तिला दवाखान्यांतल्या बोलण्यात सरसकट 'ट्रायकॅट' म्हणतात. पॅनल्यूकोपेनिया, नागीण गटातील विषाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा रोग आणि कॅलिसीविषाणूचा रोग, हे ते तीन होत. दुसरी लस रेबीजची.

या तिहींत पॅनल्यूकोपेनिया सर्वांत घातक. हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर हल्ला करतो. रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात आणि उलट्या व जुलाबांनी पिल्लू दोन-तीन दिवसांत खंगून जाते. लस न मिळालेल्या पिल्लांपैकी बरीच त्यातून वाचत नाहीत. विषाणू कमालीचा चिवट आहे. घरातल्या फटींत, टोपलीत, वापरलेल्या अंथरुणात तो वर्षभरही टिकू शकतो. साध्या साबणाने तो मरत नाही. पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने मरतो. येथे एक इशारा आवश्यक आहे. आपल्याकडे जंतुनाशक म्हटले की हात फिनाईलच्या बाटलीकडे जातो. मांजराचे यकृत फिनॉल वर्गातील द्रव्यांचा निचरा करू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटल्यानेही त्याला विषबाधा होऊ शकते. ब्लीच वापरले तरी फरशी नंतर स्वच्छ पाण्याने पुसून, पूर्ण वाळल्यावरच मांजराला तेथे येऊ द्यावे. घरात पूर्वी या रोगाने मांजर गेले असेल तर नव्या पिल्लाला त्याचे लसीकरण झाल्यावरच घरात आणणे श्रेयस्कर.

श्वसनमार्गाच्या दोन रोगांवरील लस संसर्ग पूर्णपणे थोपवत नाही, रोगाची तीव्रता कमी करते. नागीण गटातला विषाणू तर एकदा शिरला की शरीरात दडून राहतो आणि घर बदलण्यासारख्या ताणाच्या प्रसंगी डोके वर काढतो. दत्तक आणलेले मांजर आठवड्याभरात शिंकू लागले, डोळ्यांतून पाणी गळू लागले, तर त्यासाठी लसीला किंवा आधीच्या पालकाला दोष देण्याचे कारण नसते.

आणलेल्या दिवशीच लस टोचून घेण्याची घाई करू नये, हेही यातून निघते. ताप, जुलाब किंवा शिंका असलेल्या मांजराला लस देत नाहीत. आधी तपासणी, मग जंतनाशक, त्यानंतर काही दिवसांनी लस, असा क्रम बहुतेक पशुवैद्यक ठेवतात. निवाऱ्यात किंवा अनेक मांजरांच्या घरात मात्र हा नियम उलटा होतो. तेथे रोगाचा धोका इतका मोठा असतो की मांजर आत येताच लस देणेच शहाणपणाचे ठरते. भाटी गाभण असण्याची शक्यता असेल तर ते आवर्जून सांगावे. एकत्रित लसीतील विषाणू सामान्यतः जिवंत पण क्षीण केलेले असतात. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू गर्भातील पिल्लांच्या लहान मेंदूला इजा करू शकतो आणि अशी पिल्ले आयुष्यभर झोकांड्या खात चालतात. भटक्या जीवनातून आलेल्या मांजराची रक्ताच्या कर्करोगाशी निगडित ल्यूकेमिया विषाणूसाठी आणि मांजरांच्या प्रतिकारशक्ती ऱ्हासाच्या विषाणूसाठी चाचणी करून घेणे इष्ट. घरात आधीची मांजरे असतील तर ती आवश्यकच. तोवर आणि एकूणच पहिले दोन आठवडे नव्या मांजराला वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत व वेगळ्या मातीच्या ट्रेवर ठेवावे. एका खोलीच्या घरात हे अवघड असते; तेव्हा निदान मोठ्या पिंजऱ्याचा आधार घ्यावा लागतो.

रक्तातील प्रतिपिंडे मोजून जुन्या लसीचा छडा लावता येत नाही काय, असा प्रश्न सुशिक्षित पालक हल्ली विचारतात. पॅनल्यूकोपेनियाच्या बाबतीत अशी चाचणी विश्वसनीय आहे; प्रतिपिंडे सापडली तर संरक्षण आहे असे मानता येते. श्वसनमार्गाच्या दोन्ही रोगांत प्रतिपिंडे आणि संरक्षण यांचे नाते इतके सरळ नाही. शिवाय चाचणीचा खर्च आणि रक्त काढताना होणारी ओढाताण पाहता बहुतेकदा लस पुन्हा देणेच सोयीचे पडते. ज्या मांजराला पूर्वी लसीची तीव्र प्रतिक्रिया आल्याचे ठाऊक आहे, त्याच्यासाठी चाचणीचा मार्ग राखून ठेवावा.

रेबीज : येथे संशयाला जागा नाही

भारतात माणसांना होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्यांच्या चाव्यातून येतो हे खरे. पण मांजरालाही तो होतो आणि त्याच्याकडून माणसापर्यंत पोहोचतो. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगातून वाचणे जवळपास अशक्य असते. म्हणून नोंद नसलेल्या, बारा आठवड्यांवरील प्रत्येक मांजराला रेबीजची लस द्यावी. एक मात्रा, वर्षाने दुसरी आणि पुढे लसीच्या परवान्यानुसार, असा नियम आहे. आपल्याकडे दरवर्षी मात्रा देण्याचा प्रघात आहे. रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांत पहिल्या मात्रेनंतर दोन ते चार आठवड्यांनी आणखी एक मात्रा देण्याचा सल्लाही दिला जातो आणि आपला देश त्यात मोडतो.

लस टोचल्याबरोबर मांजर सुरक्षित होत नाही. प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास काही आठवडे लागतात. लस देण्याआधीच त्याला पिसाळलेल्या जनावराचा दंश झालेला असेल तर तो आजार या लसीने थांबेलच असे नाही. नवे मांजर पकडताना, आंघोळ घालताना किंवा पिशवीत कोंबताना घरच्या माणसांना ओरखडे आणि चावे याच काळात होतात. पाळीव मांजर होते, आता घरचेच आहे, म्हणून त्यांकडे दुर्लक्ष केले जाते, आणि ते फार महाग पडू शकते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. रक्त आले असेल किंवा दात रुतले असतील तर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही घ्यावे लागते. सरकारी रुग्णालयांत त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावे. चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिले तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानतात. पण या दहा दिवसांचा निकाल येईपर्यंत माणसाची लस थांबवायची नसते. आणि हा निरीक्षणाचा नियम कुत्रा व मांजर यांच्यापुरताच आहे. माकडाला किंवा मुंगसाला तो लावू नये.

दवाखान्यात आणि घरी परतल्यावर

लस नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच घ्यावी. दुकानातून कुपी आणून घरी टोचण्याचा उद्योग काही जण पैसे वाचवण्यासाठी करतात. लस दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागते. भारनियमनात फ्रिज कितीदा बंद पडला हे कुपीकडे पाहून कळत नाही आणि घरगुती टोचणीची नोंद कोणीही ग्राह्य धरत नाही. पिल्लू लहान म्हणून अर्धी मात्रा देणेही चूक आहे. लसीची मात्रा वजनावर ठरत नाही. मुंबईत परळ येथे १८८३ मध्ये स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या संस्था आहेत. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तेथील कामाचा भर गायी-म्हशींवर असतो, तेव्हा मांजराची एकत्रित लस उपलब्ध आहे काय हे आधी विचारून जावे.

इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्याच्या आसपास थांबावे. तोंडाला सूज, वारंवार उलटी, धाप लागणे ही तीव्र प्रतिक्रियेची लक्षणे असतात आणि त्यावर तेथेच इलाज होऊ शकतो. एक-दोन दिवस सुस्ती, किंचित ताप, जेवणावरून वासना उडणे हे स्वाभाविक आहे. त्यावर घरातली पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊ नये. माणसाला साधी वाटणारी ती एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. टोचल्या जागी छोटी गाठ येते आणि बहुधा विरून जाते. ती तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा लसीला महिना उलटल्यावरही वाढत राहिली, तर तिचा तुकडा तपासून घ्यावा. क्वचित मांजरात अशा जागी कर्करोग होतो. लस मानेच्या मागे न देता पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत देण्याची पद्धत त्यासाठीच पडली आहे. कोणती लस कोणत्या जागी दिली हेही पुस्तिकेत लिहून घ्यावे.

नवी पुस्तिका नव्या पालकाच्या नावाने काढावी. तीत पहिल्याच पानावर 'पूर्वीची नोंद उपलब्ध नाही' असे पशुवैद्यकाकडून लिहून घेतल्यास पुढचा डॉक्टर गोंधळत नाही. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांच्याही नोंदणीची अट घातली आणि त्यासाठी रेबीज लसीचे प्रमाणपत्र मागितले. गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारीही तक्रार आली की प्रथम हेच मागतात.

परदेशी स्थायिक होणाऱ्या कुटुंबांनी मात्र क्रमाकडे विशेष लक्ष द्यावे. युरोपीय संघाच्या देशांत मांजर न्यायचे तर आधी मायक्रोचिप आणि नंतर रेबीजची लस, असाच क्रम लागतो. चिपच्या आधी दिलेली लस, तिची पुस्तिका कितीही नीटनेटकी असली तरी, धरली जात नाही. लसीनंतर किमान तीस दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी रक्त घ्यावे लागते. त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावे लागते, आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने उलटल्यावरच प्रवेश मिळतो. म्हणजे नोंद नसलेले मांजर बरोबर न्यायचे ठरले तर विमानाच्या तिकिटापूर्वी किमान चार-पाच महिने हाताशी ठेवावे लागतात.